पापड सादळतो, पडदाही सादळतो

घडीचा फोन दुकानात हातात घेतला की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "किती वेळा घातली घडी की तुटेल?" प्रश्न रास्त आहे, पण रोख चुकीच्या आरोपीवर आहे. वाकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा घात नुसत्या वाकण्याने क्वचितच होतो. खरे मारेकरी तीन: ओल, प्राणवायू आणि प्रकाश. घडी फार तर त्यांच्यासाठी दार किलकिलं करते. आषाढात डब्याचं झाकण नीट लागलं नाही की भाजलेला पापड सादळतो, तेच इथे घडतं. फरक एवढाच की पापड पुन्हा विस्तवावर धरला की कुरकुरीत होतो, पडद्याला ती सोय नाही.

या पडद्यांत प्रकाश देण्याचं काम सिलिकॉन नाही, कार्बनी रेणू करतात. हे रेणू प्लास्टिकच्या फिल्मवर पसरता येतात, म्हणून वाकतात. आणि कार्बनी असल्यामुळेच हवेतलं पाणी नि प्राणवायू त्यांना सहज छेडतात. गेली जवळपास ५० वर्षं संशोधक या छेडछाडीचा बंदोबस्त करतायत. त्यातल्या काही गमतीजमती.

नोबेल मिळालं, हवा सोसली नाही

१९६७ साली तोक्योत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिअ‍ॅसिटिलीन बनवताना उत्प्रेरक चुकून हजारपट जास्त पडला. काळी भुकटी व्हायची, त्याऐवजी चंदेरी चकचकीत पापुद्रा तयार झाला. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांच्याबरोबर शिराकावांनी त्या पापुद्र्याला आयोडिनची वाफ दिली आणि त्याची वीजवाहकता सुमारे एक कोटी पटीने वाढली. प्लास्टिकमधून वीज! १९७७ मध्ये निबंध आला, २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल.

आणि ज्या पदार्थाने हे घडवलं तो? तो हवेत ठेवला की खराब होतो. त्याच्यापासून बाजारात खपेल अशी वस्तू काही निघाली नाही. या शाखेची कुंडली पहिल्याच दिवशी मांडली गेली होती म्हणायची.

ओएलईडी, म्हणजे कार्बनी रेणूंनी उजळणारा दिवा, त्याचंही तसंच. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ थरांचा हिरवा दिवा पेटवला. आजच्या ओएलईडी पडद्यांचा हा मूळपुरुष. कोरड्या आर्गॉन वायूत जपून ठेवूनही सुमारे १०० तासांत त्याचा उजेड निम्म्यावर आला. आज प्रयोगशाळेच्या मोजमापात तांबड्या नि हिरव्या रंगांचं आयुष्य लाखो तासांत सांगतात. निळ्याबद्दल विचारू नका. त्याच्याकडे वेगळं यायचंच आहे.

वानखेडेवर एक थेंब

प्लास्टिक पाणी अडवतं असं आपण धरून चालतो. थेंब अडवतं, वाफ नाही. साध्या पातळ पारदर्शक फिल्ममधून दिवसाला दर चौरस मीटरमागे काही ग्रॅम वाफ आरपार जाते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाच्या जातीची फिल्म हा आकडा ग्रॅमभर किंवा त्याखाली आणते, आणि वेफर्सना तेवढं पुरतं. ओएलईडीला लागतो ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आकडा डोळ्यांपुढे येत नाही ना? मग क्रिकेटचं मैदान घ्या. ७० मीटर त्रिज्येचं धरलं तर क्षेत्रफळ साधारण १५,४०० चौरस मीटर. एवढ्या मैदानावर ही फिल्म अंथरली तर चोवीस तासांत तिच्यातून झिरपेल ०.०१५ ग्रॅम पाणी. म्हणजे पाण्याचा एक लहानसा थेंब भरायला तीनएक दिवस. सबंध मैदानाला मिळून!

एवढी सूक्ष्म गळती मोजायची कशी? इथली युक्ती मला फार आवडते. काचेवर कॅल्शियम धातूचा चौकोन चढवतात, जाडी जेमतेम १०० नॅनोमीटरच्या आसपास. ताजा असताना तो आरशासारखा लखलखतो. त्यावर तपासायची फिल्म चिकटवतात आणि वाट बघतात. वाफेचा कण पोचला की तिथल्या कॅल्शियमचा चुना होतो, आणि चुन्याचा एवढा पातळ थर पारदर्शक असतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर आरशात बारीक गोल खिडक्या उघडत जाताना दिसतात. खिडकी दिसली की समजावं, बरोबर तिच्यावर फिल्मला टाचणीच्या टोकाहून किती तरी लहान भोक आहे. खिडकी किती वेगाने पसरतेय त्यावरून गळती काढता येते. कोटींच्या यंत्रांच्या गर्दीत ही चुन्याची परीक्षा अजून मानाने नांदतेय.

खऱ्या पडद्यातही नेमकं हेच होतं, फक्त उलट रंगात. धातूच्या थरातल्या बारीक भोकातून पाणी शिरतं, तेवढ्या जागी दिवा विझतो आणि काळा ठिपका दिवसागणिक मोठा होत जातो.

भोकं बुजवू नका, त्यांची चुकामूक करा

अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखा काचेच्या जातीचा थर वाफेला उत्तम अडवतो. पण प्रत्येक थरात कुठे ना कुठे भोकं राहतातच. जाडी वाढवून उपयोग नाही. भोक थराबरोबर वर वर चढतं, शिवाय जाड थर वाकवला की तडकतो. मग तोडगा निघाला तो चतुर होता: एक कडक थर, त्यावर मऊ पॉलिमर, पुन्हा कडक, पुन्हा मऊ. वरच्या भोकातून शिरलेली वाफ खालचं भोक शोधत मऊ थरात आडवी भटकत बसते. ही कल्पना अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतून निघाली आणि व्हायटेक्स नावाच्या कंपनीने ती बाजारात आणली. आज घडीच्या फोनच्या पडद्यावर याच घराण्यातलं कवच असतं. त्यातला मऊ थर इंकजेट पद्धतीने, म्हणजे चक्क छापून चढवतात.

कडक थर एकेका अणूच्या हिशेबाने चढवायची पद्धत फिनलंडच्या तुओमो सुनतोला यांनी १९७४ साली शोधली. एका फेरीत थर वाढतो फक्त ०.१ नॅनोमीटरच्या आसपास. मजा अशी की त्यांना ती पद्धत मुळात पडद्यांसाठीच हवी होती. ते पडदे कार्बनी नव्हते, झिंक सल्फाइडचे होते, आणि १९८३ मध्ये हेलसिंकी विमानतळावर विमानांच्या वेळा दाखवायला लागलेसुद्धा. मग चिपवाल्यांनी ही पद्धत उचलली, तिचं साम्राज्य केलं आणि २०१८ मध्ये सुनतोलांना फिनलंडचा मिलेनियम पुरस्कार मिळाला. आता हीच पद्धत कार्बनी पडद्यांवर कवच चढवायला परत आलीय.

जाता जाता: तुमच्या फोनच्या पडद्यात सेल्फी कॅमेऱ्यासाठी जे गोल भोक असतं ना, ते या कवच घालणाऱ्यांची झोप उडवणारं प्रकरण आहे. भोक पाडलं की कार्बनी थरांची कापलेली कड उघडी पडते, आणि ओल त्या कडेने आडवी आत सरकू शकते. म्हणून भोकाभोवती कंगोरे आणि चर काढून कार्बनी थर मुद्दाम तोडावे लागतात. एवढा खटाटोप स्वतःचा चेहरा टिपण्यासाठी.

घडीचं गणित तिसरीतलं

वाकवल्यावर पृष्ठभाग किती ताणला जातो? जाडीला वाकणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागा. बस. १०० मायक्रॉन जाडीची फिल्म १ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर ताण ५ टक्के. फिल्म ३ मायक्रॉनची केली तर ०.१५ टक्के. पडद्यातले ऑक्साइडचे ठिसूळ थर साधारण एक-दोन टक्क्यांवर तडकतात. म्हणजे उत्तर 'मजबूत करा' हे नाही, 'पातळ करा' हे आहे. जुन्या यंत्रविद्येच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

दुसरी युक्ती म्हणजे नाजूक थर मधोमध बसवणं. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि मध्ये कुठे तरी एक पातळी अशी असते जिच्यावर ताणही नाही, दाबही नाही. नाजूक मंडळींना तिथे सोडायचं. तोक्यो विद्यापीठातल्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने हे दोन्ही करून २०१३ मध्ये २ मायक्रॉनचं अख्खं सर्किट दाखवलं. वजन चौरस मीटरला ३ ग्रॅम, म्हणजे ऑफिसातल्या कागदाच्या सत्ताविसाव्या भागाइतकं. चुरगाळून बोळा केला तरी चालू!

काचही यातून सुटलेली नाही. घडीच्या फोनमध्ये २०२० साली सॅमसंगने जी काच घातली तिची जाडी होती ३० मायक्रॉन. माणसाचा केस याच्या दुपटीहून जाड असतो. अर्थात तुमचं बोट त्या काचेवर टेकतच नाही, वर प्लास्टिकचा आणखी एक थर असतो. नखाचा ओरखडा उठतो तो त्या थरावर.

दोन लाख घड्या आणि एक नख

२०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट. सॅमसंगने आपला पहिला घडीचा फोन परीक्षकांच्या हाती दिला. यंत्राने दोन लाख वेळा घडी घालून तपासलेला. रोज १०० वेळा उघडझाप केली तरी पाचेक वर्षं पुरेल असा हिशेब. किंमत १,९८० डॉलर. दोन-चार दिवसांत पडदे बंद पडू लागले. एकदोघांनी वरची फिल्म दुकानातून लावून आलेला स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली होती, आणि ती होती पडद्याचाच भाग. दुसऱ्या एका फोनमध्ये बिजागरीच्या फटीतून कचऱ्याचा कण आत गेला आणि पडद्याखाली टेंगूळ आलं. २६ एप्रिलची विक्री रद्द झाली, फिल्मच्या कडा चौकटीखाली दडपल्या, फटी झाकल्या, आणि फोन बाजारात यायला सप्टेंबर उजाडला.

माझं मत विचाराल तर घड्यांचा आकडा हा जाहिरातीचा आकडा आहे. यंत्र घडी घालतं ते स्वच्छ खोलीत, दर वेळी त्याच रेषेवर, त्याच वेगाने. त्याच्या खिशात सुपारीचं खांड, किल्ल्या आणि वाळू नसते. मला कंपनीने हे सांगितलेलं जास्त आवडेल: ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रता या कोंडीत फोन किती तास टिकला? ही परीक्षा अस्तित्वात आहे. सौर पॅनेलना ती १,००० तास, म्हणजे सुमारे ४२ दिवस द्यावी लागते. आपल्या कोकणातल्या जुलैत आर्द्रता तेवढी असतेच, उष्णता तेवढी कमी.

निळ्याचं नशीब

आता निळा. निळ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा साधारण २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तांबड्यापेक्षा बरीच जास्त. कार्बनी रेणूतले काही बंध ३ च्या आसपास तुटतात. म्हणजे एकट्या उत्तेजित रेणूचं निभावून जातं, पण शेजारचे दोन उत्तेजित रेणू एकमेकांवर आदळले आणि एकाने दुसऱ्याची ऊर्जा घेतली की बेरीज पाचाच्या पुढे. बंध कट्‌कन तुटतो. स्वतःच्या उजेडाने स्वतःच मोडणारा दिवा!

म्हणून फोनच्या पडद्यावरचे निळे ठिपके बहुतेक वेळा आकाराने सर्वांत मोठे असतात. मोठ्या ठिपक्याला कमी ताण घेऊन तेवढाच उजेड देता येतो. तांबड्या आणि हिरव्याला वर्षानुवर्षं अधिक कार्यक्षम अशी स्फुरदीप्त रसायनं मिळाली, निळ्याला मात्र जुन्याच अकार्यक्षम रसायनावर भागवावं लागलं. दिव्यावर दिवा रचून दोघांत भार वाटणारे पडदे २०२४ मध्ये आयपॅड प्रोपर्यंत पोचले.

आणि एक उपाय तर थेट अलिबागकडे बोट दाखवतो. रेणूतल्या साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे दुपटीने जड हायड्रोजन बसवला तर बंध सावकाश तुटतो. रसायन तेच, रंगही जवळपास तोच, फक्त अणू जड. एलजी डिस्प्लेने २०२१ च्या डिसेंबरमध्ये टीव्हीच्या पडद्यांसाठी हा बदल जाहीर केला. सुधारित गणनपद्धतीची जोड देऊन पडदा ३० टक्क्यांपर्यंत अधिक उजळ करता येतो असा कंपनीचा दावा. निसर्गात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियम असतो, तो वेचून गोळा केला की होतं जड पाणी. अणुभट्टीत लागणारं तेच. अलिबागजवळ थळला, आरसीएफच्या खत कारखान्याला लागून, १९८७ पासून जड पाण्याचा प्रकल्प आहे. खतासाठी अमोनिया बनतो त्या वायूतूनच तिथे ड्यूटेरियम वेगळं काढतात. भारताचं जड पाणी दक्षिण कोरियालाही निर्यात झालंय. थळचा अणू कुणाच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीत जाऊन बसलाय असा दावा मी करणार नाही, पण अलिबागच्या बोटीत बसल्यावर हा विचार करायला कुणाची बंदी नाही.

घरचे भेदी

बाहेरची ओल अडवली म्हणून सुटका नाही, आतही भेदी असतात. पीडॉट-पीएसएस हे या क्षेत्रातलं सर्वांत लाडकं वाहक प्लास्टिक. पूर्वी कॅमेऱ्याच्या फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून ते लावत. पारदर्शक, वाकणारं, पाण्यात मिसळून शाईसारखं पसरवता येणारं. पण त्यातला पीएसएस आम्लधर्मी आणि वर ओल शोषून घेणारा. शेजारच्या विद्युतवाहक थराला तो हळूहळू खात जातो. कित्येक पडद्यांचा आणि सौर घटांचा काटा याच लाडक्याने काढलाय.

दुसरा किस्सा केंब्रिजचा. तिथे मार्क निकोल्का, हेनिंग सिरिंगहाऊस आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की बनवताना थोडं द्रावक फिल्ममध्ये अडकून राहिलं की ट्रान्झिस्टर उलट चांगला नि टिकाऊ होतो. हे तर्काला सोडून होतं. अशुद्धी नेहमी घातक, असंच सगळे शिकलेले. शोध घेतल्यावर कळलं की पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये नॅनोमीटरएवढ्या पोकळ्या असतात, त्यांत पाण्याचे रेणू दडी मारतात आणि विद्युतभाराला अडवतात. छोट्या रेणूंनी ती जागा आधीच अडवली की पाण्याला शिरकाव नाही. २०१७ चं हे काम. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर रुमाल टाकणाऱ्यांना हे तत्त्व वेगळं समजवायला नको.

आणि कवच चांगलं जमलं तर काय होतं? २०१८ मध्ये जॉर्जिया टेकच्या बर्नार्ड किप्पेलन यांच्या गटाने कार्बनी ट्रान्झिस्टर जवळपास उकळत्या पाण्यात बुडवून चालवून दाखवले.

उन्हाला क्रीम

वाकणारे सौर घट हे या शाखेचं जुनं स्वप्न आणि जुनीच जखम. हीगर यांचा सहभाग असलेल्या कोनार्का कंपनीने गुंडाळता येणारी सौर फिल्म विकायला काढली होती. २०१२ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. सिलिकॉनचं पॅनेल छपरावर पंचवीस वर्षं बिनबोभाट बसतं, त्याच्यापुढे काही वर्षांत मलूल होणारी फिल्म कोण घेणार?

२०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठात स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटाने घटावर झिंक ऑक्साइडचा थर दिला, जंबुपार किरण गाळायला. अ‍ॅलन डोनल्ड गोलंदाजी करताना नाकावर जी पांढरी पुटी फासायचा, तिच्यातलं झिंक ऑक्साइड हेच. पण ते स्वतःच खालच्या कार्बनी थराला तोडतं, म्हणून दोघांत आणखी एक पातळ थर घालून भांडण मिटवावं लागलं. नेहमीच्या उन्हाच्या २७ पटींपर्यंत झोत आणि ६५ अंशांपर्यंत उष्णता देऊन त्यांनी हिशेब मांडला: ३० वर्षं. हिशेब, अनुभव नव्हे. ३० वर्षं अजून कुणी थांबलेलं नाही.

झेरॉक्सच्या दुकानातलं गुपित

एवढं रडगाणं ऐकून वाटेल, हे सगळं प्रयोगशाळेतलंच. तर मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे बघा. त्याच्या यंत्रातला हिरवट-निळसर गुळगुळीत ड्रम म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर चढवलेला कार्बनी थर. आयबीएमने कार्बनी ड्रमचं यंत्र १९७० मध्येच बाजारात आणलं, नोबेलच्या प्रयोगाच्याही आधी. टिकाऊपणाचा प्रश्न त्या धंद्याने अगदी व्यापारी बाण्याने सोडवला: टिकला नाही तर बदला. ड्रम काळ्या कागदात गुंडाळून येतो, उजेडात ठेवला की बिघडतो, ठरलेल्या कॉपी निघाल्या की टाकून नवा घालतात. कुणी तक्रार करत नाही. हजारांत विकला जाणारा फोन आणि ड्रम यांच्यात फरक आहे तो अपेक्षेचा.

धुवा, नाही तर विरघळवा

सोमेयांच्या गटाने २०१७ मध्ये कपड्याला लावायचा सौर घट केला. ३ मायक्रॉनचा, दोन्ही बाजूंनी ताणलेल्या रबरी थरांत दाबलेला. दोन तास पाण्यात ठेवूनही त्याची कार्यक्षमता जेमतेम पाच टक्क्यांनी उतरली. म्हणजे धुण्यात टाकायला हरकत नाही, धोपटण्याचं मात्र कुणी तपासलेलं दिसत नाही.

त्याच वर्षी स्टॅनफर्डला झेनान बाओ यांच्या प्रयोगशाळेने बरोबर उलट वाट धरली. जगभर टाकून दिलेल्या यंत्रांचे डोंगर साचतायत, तर मुदत संपली की आपण होऊन नाहीसं होणारं सर्किट का नको? त्यांनी सेल्युलोजची पातळ फिल्म घेतली, तोडता येतील असे बंध असलेला वाहक पॉलिमर घेतला आणि सोन्याऐवजी लोखंडाचे पातळ थर वापरले. व्हिनेगरच्या जातीच्या सौम्य आम्लात महिन्याभरात सगळं विरून गेलं. तिकडे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागासाठी माणसं थरावर थर चढवतायत, आणि इकडे सर्किट आम्लात नेमकं कधी विरघळावं याचं वेळापत्रक आखणं चाललंय. निधी दोन्हींना मिळतो.